पडशी, पेटी आणि फटफटी

मराठवाड्यात मोटारसायकल ही हौसेची वस्तू आहे असे जो म्हणेल, त्याने लातूरहून अहमदपूर, लोहा या मार्गाने नांदेडला जाणारा रस्ता एकदा सकाळच्या प्रहरी डोळे उघडे ठेवून पाहावा. दोन्ही अंगांना दुधाच्या कॅन लटकावून निघालेला दूधवाला, मागच्या सीटवर सोयाबीनचे पोते आडवे टाकून मोंढ्याची वाट धरलेला शेतकरी, पाठीला फवारणीचा पंप आणि टाकीवर खताची पिशवी घेतलेला सालगडी, दोघांच्या मध्ये गॅसची टाकी धरून बसलेले जोडपे, हँडलला कोंबड्या उलट्या टांगून बाजाराला निघालेला बाजारकरी! एके काळी बैल, घोडा, गाढव आणि माणसाचे डोके यांनी जे ओझे वाहिले, ते आज शंभर सीसीच्या एका यंत्रावर येऊन पडले आहे. गावाकडचे लोक त्या यंत्राला अजूनही मायेने फटफटी म्हणतात.

ही फटफटी घेताना घरात केवढी चर्चा होते! ॲव्हरेज किती, हप्ता किती, रंग कोणता, शेजाऱ्याने कोणती घेतली. गाडी घरी आली की तिला हार घातला जातो. आमची माणसे ती चर्चच्या आवारात आणतात आणि आम्ही प्रार्थना करून तिच्यावर पवित्र पाणी शिंपडतो. या सर्व सोहळ्यात एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. या गाडीवर ओझे कोठे आणि कशात ठेवावयाचे? दुसऱ्या दिवशी गोठ्यातील एक दोरी किंवा जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी पुढे येते आणि प्रश्न सुटला असे समजले जाते. वाचकहो, या साध्या प्रश्नावर एखाद्या कुटुंबाचे केवढे भवितव्य अवलंबून असू शकते हे आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा स्वतःचा या विषयाशी संबंध रोजचा आहे. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. तेव्हापासून मराठवाड्यातील धर्मगुरूचे जीवन पुष्कळसे रस्त्यावरचे जीवन आहे. चर्चची घंटा ऐकू येईल इतक्या अंतरावर सारा धर्मग्राम वसलेला आहे, हे वसईकडचे सुख येथे नाही. दोन घरे या गावात, चार घरे त्या गावात, आणि मध्ये काळ्या मातीचे मैलच्या मैल. अशा वाटेवर आमच्यासोबत चषक, तबकडी, प्रसादाच्या भाकरी, द्राक्षारसाची लहान बाटली, रुग्णांसाठीचे तेल, मिस्साग्रंथ, झगा, स्तोला आणि दोन मेणबत्त्या असतात. त्यांच्या जोडीला रेनकोट, पंक्चरचे सामान, पाण्याची बाटली आणि एक जोडी कपडे. एकदा हे सर्व आम्ही ताणकाट्याला लावून पाहिले. नऊ किलो भरले. नऊ किलो म्हणजे फार नव्हे. परंतु प्रत्येक वस्तूचा स्वभाव निराळा. चषकाला हादरा चालत नाही, द्राक्षारसाला ऊन चालत नाही, ग्रंथाला पाऊस चालत नाही आणि तेलाच्या कुपीला यांपैकी काहीच चालत नाही. सामान कशात न्यावे याचा विचार या स्वभावांपासून सुरू होतो, दुकानातील पेट्यांपासून नव्हे, हे आम्हांस त्या नऊ किलोंनी शिकविले.

आमच्या पूर्वजांना ही विद्या चांगली अवगत होती. मराठीतील दोन जुने शब्द पाहा. एक गोणी आणि दुसरा पडशी. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरत. त्यांनी वाहिलेल्या धान्यावर मोठमोठ्या फौजा जगल्या. पुढे आगगाडी आली आणि तो व्यापार बसला; नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील तांडे मात्र आजही त्या जीवनाची आठवण देतात. बैलाच्या पाठीवरील गोणीचे भार दोन्ही कुशींवर सारखे पडावे लागत. एक बाजू जड झाली की ओझे घसरे, बैलाची पाठ सोलवटे आणि तांडा अडे. पडशीचेही तेच. एक लांब कापड, दोन टोकांना दोन कप्पे, मध्यभाग खांद्यावर किंवा घोड्याच्या पाठीवर. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा घोडे, गाढवे आणि उंट यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथे जनावर पारखणारी जुनी माणसे अजून भेटतात. ओझे वाहणाऱ्या प्राण्याविषयी त्यांचे बोलणे ऐकावे. ओझे पाठीला बिलगून हवे, दोन्हीकडे सारखे हवे, आणि चालताना ते हलता कामा नये. मोटारसायकलीविषयी एखाद्या अभियंत्याला विचारले तरी तो याहून वेगळे सांगणार नाही.

पाश्चात्त्य देशांत मोटारसायकलीच्या दोन अंगांना लावावयाच्या अशा पेट्यांना पॅनियर म्हणतात. सेमिनरीत शिकलेले थोडेफार लॅटिन येथे आमच्या उपयोगी पडते. ‘पानिस’ म्हणजे भाकर आणि ‘पानारियुम’ म्हणजे भाकरीची टोपली. त्यावरून फ्रेंचमार्गे हा शब्द आला. आपला ‘पाव’ हा शब्दही त्याच ‘पानिस’पासून पोर्तुगीज भाषेच्या वाटेने आपल्याकडे पोहोचला. म्हणजे ही पेटी मुळात भाकरीची टोपली! फेरीवाल्याच्या पेटीकडे आम्ही आता याच दृष्टीने पाहतो.

ओझ्याचे हे शास्त्र मराठवाड्याने दोन मोठ्या आपत्तींत अनुभवले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. आदल्या दिवशीच गणेशविसर्जन झाले होते. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यात पाऊस लागला आणि काळ्या मातीचा चिखल झाला. त्या वेळी आम्ही सेमिनरीचे विद्यार्थी होतो आणि मदतीसाठी आलेल्या एका गटात होतो. मोठ्या गाड्या रस्त्याच्या तोंडाशी खोळंबत. आतल्या वस्तीपर्यंत औषधे नेली ती मोटारसायकलींनी. एक तरुण धान्याचे पोते मधोमध शिवून, त्याचे दोन कप्पे करून, सीटवर आडवे टाकीत असे. एका कप्प्यात सलाइनच्या बाटल्या, दुसऱ्यात पट्ट्या आणि गोळ्या. आणि वजन सारखे व्हावे म्हणून गोळ्यांच्या कप्प्यात एक विटेचा तुकडा. ती पडशीच होती. त्या गर्दीत त्याचे नाव विचारावयाचे राहून गेले, पण तो विटेचा तुकडा आमच्या डोळ्यांपुढून जात नाही.

दुसरी आपत्ती २०१६ च्या दुष्काळाची. लातूर शहराला पाणी देण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी दहा टाक्यांमधून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला पोहोचली. शहरातल्या शहरात ते घरोघर नेले पुष्कळ अंशी मोटारसायकलींनी. दोन्ही बाजूंना दोरीने बांधलेल्या घागरी, मध्ये मूल, पुढे बाप. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो; पंधरा लिटरच्या चार घागरी म्हणजे साठ किलो. तेथे आम्ही एक गोष्ट पाहिली. काठोकाठ भरून झाकण आवळलेली घागर मुकाट्याने येई. अर्धी घागर मात्र वळणावर गाडीला ओढून नेई, कारण तिच्यातले पाणी हेलकावे खाई. जड ओझ्यापेक्षा हलणारे ओझे अधिक घातक असते. पिशवी घ्यावी ती आतील सामानाला घट्ट कवळणारी. आणि मोठ्या पेटीत थोडे सामान असेल तर उरलेली जागा कापडाने किंवा गोणपाटाने भरून टाकावी.

आता ज्या कुटुंबामुळे या विषयाचा एवढा विचार करावा लागला, त्याच्याकडे वळतो. आमच्या धर्मग्रामात एक गृहस्थ आहेत. वय पन्नाशीचे. वीस-बावीस वर्षे त्यांनी गावोगाव फिरून कपडे विकले. चादरी, गाऊन, लहान मुलांचे फ्रॉक, परकर. सर्व माल एका मोठ्या चादरीत बांधून, ते बोचके मागच्या सीटवर दोरीने आवळून ते आठवडी बाजार करीत. लोहा, कंधार, अहमदपूर, शिरूर ताजबंद अशी त्यांची फेरी असे. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडी बाजाराहून परतताना बोचक्याचे एक टोक सुटले. ते वाऱ्याने फडफडत खाली गेले आणि चेन व मागचे चाक यांच्यात गुंडाळले गेले. चाक जागच्या जागी अडकले. गाडी आडवी झाली आणि डावा गुडघा तिच्याखाली आला. प्राण वाचले, गुडघा मात्र आता अर्धाच वाकतो. गिअर टाकणे त्यांना जमत नाही. ज्या माणसाला शंभर गावे नावानिशी ओळखत, तो माणूस घराच्या ओट्यावर बसला.

थोरल्या मुलाने बारावीनंतर काही काळ नांदेडला एका दुकानात नोकरी केली. या वर्षी त्याने वडिलांचा धंदा पुन्हा उभा करावयाचे ठरविले. कर्ज काढून गाडी घेतली. आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. एके रविवारी मिस्सा झाल्यावर तिघेही आमच्याकडे आले.

“फादर, तुमीच सांगा ह्याला,” आई म्हणाली. “एकाचा पाय गेला, आता लेकराला कसं पाठवू? माझं काही ऐकंना गेलाय.”

“आई, मी बोचकं बांधणारच नाही म्हणतोय ना,” मुलगा म्हणाला. “फादर, शहरात जेवण पोचवणाऱ्या पोरांची असती तसली मोठी पेटी बघितलीय मी. सीटवर बसवली की काम झालं. सगळा माल आत. पाऊस नाही, धूळ नाही, काही सुटायचं नाही.”

वडील काही बोलले नाहीत. ते अंगणातील गाडीकडे, तिच्या मागच्या सीटकडे पाहत होते.

मुलाचे म्हणणे चुकीचे नव्हते. कठीण पेटीचे लाभ खरेच आहेत. तिला कुलूप लागते, पाऊस शिरत नाही, तिचे टोक चाकात जात नाही. परंतु पेटीला दोष असतात ते तिच्या जागेचे. सीटवर उभी केलेली मोठी पेटी ओझे उंचावर नेते. ओझे जितके उंच तितकी गाडी वळणावर कलंडावयास पाहते, आणि उघड्या माळावर समोरून ट्रक सुसाट गेला की त्याचा वारा पेटीला शिडासारखा धरतो. ओझे मागच्या आसाच्याही मागे गेले की पुढचे चाक हलके होते आणि हँडल हातात असून नसल्यासारखे होते. शिवाय कायद्याचेही एक कलम आहे. केंद्र सरकारने २०२० साली मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमात दुरुस्ती केली. तीनुसार दुचाकीवर हलकी पेटी लावता येते. मात्र ती ५५० मिलिमीटर लांब, ५१० मिलिमीटर रुंद आणि ५०० मिलिमीटर उंच यांहून मोठी असू नये. ती मागच्या माणसाच्या पाठीमागे बसविली तर दुसरा माणूस बसू शकतो. पण ती त्याच्या जागेवरच बसविली तर गाडीवर चालकाखेरीज कोणालाही बसता येत नाही.

हे शेवटचे वाक्य आम्ही सांगितले तेव्हा वडिलांनी मान वर केली. मग ते हळूच म्हणाले, “फादर, मी गाडी चालवू शकत न्हाई. पण मागं बसू शकतो की.”

त्या क्षणी आमच्या लक्षात आले, की प्रश्न पेटीचा नव्हताच. त्या सीटवर माल बसणार की माणूस, हा प्रश्न होता. गावोगावच्या बायका कोणत्या मापाचा गाऊन घेतात, कोणाचे उधार सुगीवर मिळते, कोणाकडे यंदा लग्न आहे, हे सर्व त्या माणसाच्या डोक्यात होते. आणि मुलाला त्यातले काहीच ठाऊक नव्हते.

मग हिशेब मांडला. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत तिने किती भार वाहावा हे लिहिलेले असते. शंभर सीसीच्या गाड्यांची ही मर्यादा साधारणतः १३० किलोच्या आसपास असते, आणि चालक तीत धरलेला असतो. मुलगा ५६ किलोचा, वडील ५० किलोचे. उरले २४ किलो. त्यात लोखंडी सांगाडा आणि पिशव्या यांचे सहा किलो वजा केले की मालासाठी अठराच किलो. वडील एके काळी चाळीस किलोचे बोचके नेत असत.

“अठरा किलोत काय धंदा होणार, अप्पा?” मुलगा म्हणाला.

“गिऱ्हाईक बोचक्याकडं बघून येत नसतंय,” वडील म्हणाले. “मी काय न्यायचो त्यातलं निम्मं परत आणायचो. कोणत्या गावाला काय लागतंय ते ठावं असलं तर निम्मं नेलं तरी भागतंय.”

येथे आम्हांस शुभवर्तमानातील तो प्रसंग आठवल्यावाचून राहिला नाही. प्रभूने शिष्यांना गावोगाव पाठविताना झोळीसुद्धा घेऊ नका असे बजावले. आणि पुढे संकटाची रात्र जवळ आल्यावर, ज्याच्याजवळ झोळी असेल त्याने ती घ्यावी, असेही त्यानेच सांगितले, अशी नोंद संत लूकने केली आहे. वाट कोणती आणि आपण कोणाकडे निघालो आहोत, हे पाहून ओझे ठरवावे, असा त्याचा व्यावहारिक अर्थ आम्ही घेतो. सामान बांधण्याचे निम्मे शास्त्र काय घरी ठेवावे हे ठरविण्यात आहे.

पुढील काम गावातील दोन कारागिरांनी केले. सीटकव्हर शिवणाऱ्याने जाड ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवल्या. आत प्लॅस्टिकचे अस्तर, तोंडाला तीन घड्या घालून वर पट्टा आवळावयाचा, म्हणजे पाणी शिरत नाही. अशा पिशवीत चेन लावू नये; आमच्या धुळीत ती चार महिन्यांत दात टाकते. मऊ पिशवी कठीण पेटीहून हलकी असते, गाडी पडली तर पाय चेपीत नाही आणि फाटली तर गावातच शिवता येते. तिला कुलूप नसते हा तिचा उणेपणा; म्हणून पैसे आणि उधारीची वही यांच्यासाठी मागच्या कॅरियरवर एक लहान कुलपाची पेटी बसविली. आमच्या चषकाबाबतही आमचा अनुभव असाच आहे. लोखंडी पेटीत तो खडखडतो. झग्याच्या घडीत गुंडाळून मऊ पिशवीत ठेवला तर मुकाट्याने येतो.

दुसरे काम वेल्डिंगवाल्याचे. नुसती पिशवी गाडीवर टाकली तर ती आज ना उद्या चाकाकडे झुकणारच. म्हणून सळईचा सांगाडा करून तो गाडीच्या मूळ बोल्टांनाच बसविला. पिशवी आणि चाक यांच्यामध्ये जाळी आली. मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला असावा आणि मागे बसणाऱ्याला धरावयास मूठ व टेकवावयास पायठाण असावे, हे त्याच १२३ व्या नियमात पूर्वीपासून आहे. साडीगार्ड काढून फेकणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे. उजवीकडे सायलेन्सर असतो, म्हणून त्या बाजूच्या पिशवीखाली पत्रा लावून मध्ये चार बोटे अंतर ठेवले. मागचा दिवा, इंडिकेटर आणि नंबरप्लेट उघडी राहतील हेही पाहिले.

खरी अडचण आली ती वडिलांच्या पायाची. डावा गुडघा पुरता वाकत नाही, तेव्हा त्या बाजूला पायठाण खाली घ्यावे लागले आणि डावी पिशवी लहान करावी लागली. मग उजवी मोठी आणि डावी लहान, हा तोल कसा साधावा? वडिलांनीच उत्तर काढले. लहान पिशवीत चादरी, कारण त्या जड. मोठ्या पिशवीत फ्रॉक आणि गाऊन, कारण ते फुगीर पण हलके. घरातला जुना ताणकाटा काढून त्यांनी दोन्ही पिशव्या तोलल्या. नऊ आणि नऊ. आकार वेगळा, भार सारखा. किल्लारीच्या वाटेवरील तो विटेचा तुकडा आम्हांस तेथे आठवला.

बांधावयाच्या दोरीविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. हुक असलेल्या इलॅस्टिकच्या दोऱ्या सोयीच्या वाटतात, पण ताणलेला हुक सुटला तर थेट डोळ्यावर येतो, आणि दोरी ताणली जाते म्हणजेच ओझे हलते. बकल असलेला न ताणणारा पट्टा बरा. पट्ट्याचे उरलेले टोक लोंबत ठेवू नये, ते गुंडाळून आत खोचावे. त्या गृहस्थांचा गुडघा एका लोंबणाऱ्या टोकानेच नेला. हँडलला पिशवी अडकवू नये, ती वळताना हँडल अडवते. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून सर्व पट्टे चाचपावेत, कारण नवे बांधलेले ओझे पहिल्या काही मैलांतच बसते आणि ढिले पडते. भार वाढला की मागच्या टायरमध्ये पुस्तिकेत दिल्याप्रमाणे हवा वाढवावी आणि चेनचा ताण पाहावा. आणि हेल्मेट दोन हवीत. मागे बसणाऱ्याचे डोकेही डोकेच असते.

या सर्वांना खर्च किती आला असे कोणी विचारील. शहराच्या दुकानातील तयार पेट्यांहून कमी, आणि गोठ्यातील दोरीहून जास्त. इटलीमध्ये १९७८ साली ज्युसेप्पे व्हिसेंझी नावाच्या निवृत्त शर्यतपटूने ‘जिवी’ ही संस्था काढून अशा पेट्यांचा मोठा कारखाना उभारला. जगाच्या प्रवासाला निघणारे हौशी प्रवासी असल्या पेट्या वापरतात. ज्यांना परवडते त्यांनी त्या अवश्य घ्याव्यात. परंतु गाडीचे मापही ठाऊक असणारा आणि मागे बसणाऱ्याच्या गुडघ्याचे मापही ठाऊक असणारा कारागीर कोणत्याही कारखान्यात मिळत नाही. तो आपल्या गावच्या बसस्थानकाजवळ टपरीत बसलेला असतो.

आता बाप-लेक आठवड्यातून चार बाजार करतात. पहिल्या महिन्यात माल कमी पडला म्हणून दोनदा गिऱ्हाईक परत गेले, हेही खरे आहे. हप्ता भरताना ओढाताण होते. मुलगा अजून अधूनमधून मोठ्या पेटीचे नाव काढतो आणि आई अजून संध्याकाळी सात वाजल्यापासून दारात उभी राहते. तथापि वडिलांच्या जुन्या वहीतील बरीच उधारी वसूल झाली आहे, कारण ती माणसे वडिलांना तोंडाने ओळखतात. मध्यंतरी चाकूरजवळ आम्हांस ते दोघे रस्त्याच्या कडेला थांबलेले दिसले. काही बिघडले की काय म्हणून आम्ही गाडी थांबविली. काहीही बिघडले नव्हते. घरून निघून बारा किलोमीटर झाले होते. मुलगा पट्टे चाचपीत होता आणि वडील मागच्या सीटवर बसूनच, कोणता अजून ढिला आहे ते बोटाने दाखवीत होते.

वाचकांपैकी कोणाच्या घरी या दिवाळीला किंवा नाताळला नवी गाडी येणार असेल, तर आमची एकच विनंती आहे. हार आणण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकदा अंगणात बसावे. या गाडीवर कोण कोण बसणार आहे, हे आधी ठरवावे. मग काय न्यावयाचे ते ताणकाट्यावर तोलावे, आणि त्यानंतर पिशवी किंवा पेटी पाहावयास जावे. पवित्र पाणी शिंपडावयास आम्ही आहोतच. मात्र त्या वेळी आम्ही पट्टेही ओढून पाहू, याची मालकांनी तयारी ठेवावी.